ज्याचा त्याचा ठोका

६ ऑक्टोबर, सोमवार

पोचले एकदाची! आणि इतकी खूश आहे की बॅगा न उघडता आधी वहीच उघडली.

हे भूकंपमापन केंद्र म्हणजे टेकडीवरची एक दुमजली दगडी इमारत. वर राहायच्या खोल्या, खाली ऑफिस आणि त्याच्याखाली खडकात खोदलेलं तळघर. गाव पायथ्याशी. माझी खोली कोपऱ्यातली, दोन खिडक्यांची, दोन पलंगांची. एकटीला दोन पलंग कशाला, असं विचारलं तर साहेब हसून म्हणाले की माणसाला माणसं असतात, कधी कुणी राहायला येतं. हे साहेब म्हणजे केंद्राचे प्रमुख. पांढरेशुभ्र केस, इस्त्रीचा शर्ट, बोलणं इतकं मऊ की कान देऊन ऐकावं लागतं. मुलाखतीतही त्यांनी लहरी आणि खडक यांपेक्षा माझ्या घरच्यांचीच जास्त चौकशी केली. मी सगळं सांगितलं. आई-बाबा गेल्यापासून आम्ही दोघी बहिणीच एकमेकींना. धाकटी आमच्या जुन्याच गावात असते, तिचा नवरा जहाजावर, आणि तिला आता आठवा लागलाय. नोकरी देताना इतक्या आपुलकीनं हल्ली कोण विचारतं?

आणखी दोघं आहेत. यंत्रं सांभाळणारा मिस्त्री, उंच आणि बोलघेवडा. आणि स्वयंपाक-झाडलोट बघणाऱ्या मावशी, ज्यांनी मला पाहून नुसती मान हलवली.

धाकटीला फोन करून दुसऱ्या पलंगाचं सांगितलं. ती म्हणाली, ताई, आधी गादी उलटून ढेकूण बघितले असशील. बघितले होते. नाहीत.

७ ऑक्टोबर, मंगळवार

काम समजून घेतलं. तळघराच्या मधोमध एक चौथरा आहे, खालच्या खडकातूनच वर आलेला. भोवतालच्या फरशीला तो कुठेच टेकत नाही. त्यावर मुख्य यंत्र. जमीन जराशी शहारली की वर ऑफिसात, कागद गुंडाळलेल्या फिरत्या नळकांड्यावर, काटा रेघ हलवतो. संगणकही आहेत, पण साहेबांचा सगळा जीव त्या काट्यात. लांब कुठे मोठा धक्का बसला की आधी एक लहर येते, मागून दुसरी. दोघींमध्ये किती वेळ गेला त्यावरून धक्का किती दूरचा ते मी काढायचं.

इथली एक गमतीची रीत आहे. चौथऱ्याशेजारी कप्पीवरून दोरीनं एक लोखंडी गोळा टांगलाय. रोज सकाळी एकानं खाली जायचं, दोरी ओढून गोळा भिंतीवरच्या खुणेपर्यंत न्यायचा आणि खाली बसवलेल्या दगडावर सोडायचा. काटा जागा आहे ना, एवढंच बघायला. पाळी सगळ्यांची, मावशींचीसुद्धा. साहेब म्हणाले की ठोक्यालाही हस्ताक्षर असतं. मिस्त्री दोरी धाडकन सोडतो, त्याची रेघ सरळसोट उभी. मावशी कचरतात, शेवटच्या क्षणी दोरी आवळतात, त्यांची रेघ बसकी. माझ्या हातून आज गोळा पडला, मी दचकून दोरी पुन्हा ओढली आणि तो पुन्हा पडला. कागदावर एक मोठी रेघ आणि तिच्या कडेला एक चिमुकली. मिस्त्री म्हणाला, ताईंचा ठोका लेकुरवाळा आहे. खूप हसलो.

साहेब स्वतः मात्र गोळ्याला हात लावत नाहीत. म्हणाले, माझं कुणीच नाही, माझ्या ठोक्याला विचारतो कोण.

९ ऑक्टोबर, गुरुवार

चहाच्या वेळी छान वाद झाला. दूरदूरच्या भूकंपांचा एकमेकांशी संबंध असू शकतो का? साहेबांचा आयुष्यभराचा विषय. मोठ्या धक्क्याच्या लहरी पृथ्वीला वळसा घालतात आणि जाता जाता हजारो मैलांवरच्या, आधीच ताणलेल्या खडकाला ढकलतात. मग तिथेही बारीक धक्के बसतात. एवढं मी मानते, सगळेच मानतात. पण साहेबांचं म्हणणं त्याच्या पुढचं. दोन मोठे धक्के, दोन टोकांना, आठवड्यांच्या अंतरानं, तेही नात्यातले असू शकतात. मी म्हटलं, साहेब, हा बादरायण संबंध झाला. लग्नघरात शोधायला बसलं तर वऱ्हाडातला प्रत्येक जण दुसऱ्याचा कुणीतरी निघतोच. शिवाय जगात रोज इतके धक्के बसतात, की कावळा बसायला आणि फांदी मोडायला कधीतरी गाठ पडणारच. ते रागावले नाहीत. उलट धाकटीचे दिवस कधी भरतात, गाव नेमकं कुठे, घर किती जुनं, असं सगळं विचारत बसले. मीही सांगत बसले.

कपबशा उचलताना मावशींनी मला स्वयंपाकघरात गाठलं आणि फणकाऱ्यानं विचारलं की सगळं सांगून टाकायची एवढी काय घाई होती. मी थक्क. साहेब माझ्याशी चार शब्द बोलतात ते बाईला खपत नाही, दुसरं काय!

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज मनात पाल चुकचुकली.

दुपारी मी आणि मिस्त्री गावात बॅटऱ्या आणायला गेलो होतो. परत येऊन कागद पाहिला तर भरदुपारी एक ठोका. सरळसोट, उभा, आखल्यासारखा. मिस्त्रीचा. पण मिस्त्री तर माझ्याबरोबर दुकानात बॅटरीवाल्याशी हुज्जत घालत होता!

त्याला दाखवलं. त्यानं कागद उलटून ठेवला आणि म्हणाला की मावशींचं काम असेल. मावशींनी कानांवर हात ठेवले. कुणीतरी माझी फिरकी घेतंय हे उघड आहे. नव्या माणसाला घाबरवायची जुनी खोड, प्रत्येक ऑफिसात असते. तळघराच्या कुलपाच्या दोन किल्ल्या आहेत, एक मिस्त्रीकडे आणि एक मावशींकडे. साहेबांकडे तिसरी असेल का, हे विचारायला हवं. पण त्यांच्यासारख्या माणसाला हे विचारायचं कसं?

१८ ऑक्टोबर, शनिवार

काल सकाळी काटा वेड्यासारखा फिरला. पहिली लहर, मागून दुसरी. दूरचा धक्का, पण जबरदस्त. मी अंतर काढलं, बाकीच्या केंद्रांचे आकडे आले, जागा ठरली. एक बंदराचं शहर. मी ते नाव मोठ्यानं वाचलं आणि मिस्त्री खुर्चीवरून उठला. त्याचा भाऊ तिथे होता.

संध्याकाळी फोन आला. भाऊ गेला. मिस्त्री लगेच निघाला. जाताना ऑफिसच्या दारात थांबून त्यानं साहेबांकडे असं काही पाहिलं, की मला त्याचा रागच आला. साहेबांचा काय दोष?

२० ऑक्टोबर, सोमवार

राहवेना. साहेबांपुढे तो मंगळवारचा कागद ठेवला आणि विचारलं. त्यांनी चष्मा पुसला, कपाटातून एक जुनी गुंडाळी काढली आणि टेबलावर उलगडली. दोन वर्षांपूर्वीची. त्यात भरदुपारी एक बसकी रेघ. मावशींचा ठोका. मावशी त्या वेळी ऑफिसात फरशी पुसत होत्या, साहेबांनी स्वतः पाहिलं होतं. तीन-चार दिवसांनी दूरच्या एका शहरात मोठा धक्का. मावशींची एकुलती एक लेक त्यात गेली.

मग त्यांनी शांतपणे सांगितलं. हे दोन भूकंप एकमेकांचे कुणी लागत नाहीत, असं सगळं जग म्हणेल. पण दोन्हींची खबर या चौथऱ्याला आधी लागली, आणि ज्याचं माणूस तिथे होतं त्याच्याच ठोक्यानं लागली. नातं खडकातून गेलेलं नाही, माणसांतून गेलंय. त्यांनी हे एकदा लिहिलं होतं, तेव्हा लोक हसले. पुढे खिडकीबाहेर बघत म्हणाले की लांबच्या धक्क्याचा आपल्याकडे नुसता निरोप येतो, उभा जन्म निरोप वाचण्यात गेला, पण उगमाशी उभं राहून ऐकायचं राहूनच गेलं. म्हाताऱ्याची मला फार कीव आली.

खोलीत आल्यावर मात्र आठवलं. मीही गोळा सोडलाय. माझंही एक माणूस आहे.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

विश्वास ठेवत नाही. साप साप म्हणून भुई धोपटण्यात अर्थ नाही. दोन रेघा म्हणजे पुरावा नव्हे. कुणीही दुसऱ्याचा ठोका काढू शकेल, सवयीनं हात वळतो. मावशी मिस्त्रीचा काढत असतील. नाही तर साहेबच? छे.

तरी आज पाळी माझी होती आणि मी गोळा सोडला नाही. साहेब म्हणाले, हरकत नाही, एकदा ओळख पटली की पुरे.

हे वाक्य मला आवडलं नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

माझा ठोका उठला.

दुपारी मी काट्यासमोर बसले होते. मावशी माझ्यासमोर खिडकी पुसत होत्या. साहेब पलीकडच्या टेबलावर. तळघराच्या दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात, मिस्त्री जाताना देऊन गेलेली आणि मावशींकडून कालच मागून घेतलेली. आणि काटा उडाला. एक मोठी रेघ. तिच्या कडेला चिमुकली.

मावशींच्या हातातलं फडकं गळून पडलं. मी खाली धावले. कुलूप जागच्या जागी. गोळा टांगलेला, दोरी स्थिर. दगडावरची धूळसुद्धा विस्कटलेली नाही.

साहेबांनी पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला. म्हणाले, अजून वेळ आहे, बहिणीला तिथून काढा. इथेच आणा. हा सगळा पट्टा शांत आहे, इमारत भक्कम आहे, पलंग तर आहेच. केंद्राची गाडी पाठवतो. मला रडूच आलं. वडिलांनी याहून वेगळं काय केलं असतं?

धाकटीला खरं सांगितलं तर हसली असती. मी खोटं बोलले. म्हटलं, मला बरं नाही, काविळीनं अंथरूण धरलंय, तू ये. ती काही न विचारता हो म्हणाली. हिचं हे असंच, माझ्यासाठी विस्तवावरून चालेल.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आली! पोट सांभाळत गाडीतून उतरली, मला धडधाकट बघून आधी एक चापट मारली आणि मग गळ्यात पडून रडली. आता मी सगळं सांगितलं. वाटलं तशीच हसली. म्हणाली, ताई, तुला दुधात माशी दिसायची, आता भूकंपही दिसायला लागले!

मावशींनी तमाशा केला. दारात आडव्या उभ्या राहिल्या. धाकटीला म्हणाल्या, पोरी, आल्या पावली परत जा, इथे पाणीही पिऊ नकोस. ती बिचारी घाबरली. मी मावशींना नको नको ते बोलले. स्वतःची लेक गेली म्हणून दुसऱ्याची वाचलेली बघवत नाही का, असंही बोलले. त्या स्वयंपाकघरात गेल्या.

आमच्या गावाकडून काहीच बातमी नाही. गाव जागच्या जागी आहे. असू दे, धाकटी तर सुटली. साहेबांनी तिच्या उशाशी स्वतः पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

२६ ऑक्टोबर, रविवार. सकाळ

मिस्त्री परत आला. धाकटी वर झोपली होती. मी त्याला जवळ बसवलं, भावाचं विचारलं. तो सांगत होता, मी ऐकत होते.

भाऊ त्या शहराचा नव्हताच. सारा जन्म दुसरीकडे होता. त्या बंदरावर जहाजाच्या रंगकामासाठी नुकताच गेला होता. त्याच्या मूळ गावात साधं भांडंही पडलं नाही.

म्हणजे ठोका गावाचा नसतो. माणसाचा असतो. माणूस असेल तिथे—

मिस्त्रीला अजून एक सांगायचं होतं. महिन्यापूर्वी साहेबांनीच आग्रह धरला होता, भावाला इथे आण, नोकरी देतो, राहायला खोली देतो. दोन पलंगांची. भाऊ आला नाही.

धावत मावशींकडे गेले. पायच धरले. त्यांनी मला उठवलं. म्हणाल्या, माझ्या लेकीलाही बोलावलं होतं, मी येऊ दिली नाही. मग ती जिथे होती तिथेच गेली. तुला सांगून काय उपयोग, मला तरी कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का?

मीच आणली तिला. मी. माझ्या हातानं.

२६ ऑक्टोबर. दुपार

गाडी नाही. साहेबांनी सकाळीच दुरुस्तीला पाठवली. चांगली होती गाडी.

पण न्यायचं तरी कुठे? दवाखान्यात नेलं तर दवाखाना. तिथेही माणसं आहेत. मिस्त्री म्हणाला, निदान या दगडांच्या खालून काढू, मोकळ्यावर नेऊ, मैदानात छप्पर नसतं. खरंय. एवढंच करता येईल.

धाकटीला उठवलं. जिन्यापर्यंत आणली. तिथेच कळ आली. खाली बसली. साडी भिजली, पाण्यानं, आणि रक्तानं. मावशी म्हणाल्या, आता पाऊलही टाकू देऊ नका. उचलून परत पलंगावर—

पलंगासकट न्यायची. चार पाय, चार माणसं हवीत. जुना लोखंडी पलंग. आम्ही तिघं.

साहेबांना हाक मारायला गेले.

ऑफिसात नव्हते. तळघराचं दार उघडं. तिसरी किल्ली होती तर.

चौथऱ्यासमोर खुर्ची टाकून बसलेत. नवा कोट. केस विंचरलेले. मी हात जोडले. म्हटलं, फक्त एक पाय धरा, जिना उतरेपर्यंत. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. मऊ आवाजात म्हणाले, हळू, काटा हलेल.

दुपारनंतर

मिस्त्री पायथ्याशी धावलाय. माणसं आणतो म्हणाला. मावशी पाणी तापवतायत. हाताला चाळा नसला तर मी किंचाळेन, म्हणून लिहितेय.

ती माझा पदर धरून आहे. मला म्हणते, ताई, घाबरू नकोस. ती मला म्हणते.

खिडकीतून रस्ता दिसतो. कुणी नाही.

पक्षी सगळे उडाले. टेकडीवरचे. एकदम.

ये ना रे मिस्त्री.

खालून ठोका आला. मी ऐकला. कागदावर नाही, कानांनी. एक मोठा. आणि एक—

धाकटी हसतेय. डोळे मिटलेत. म्हणते, ताई, आली वाटतं माणसं, पलंग हल